रांगेतली पुढची जागा

आमच्या या जर्मन गावात कुणी मेलं की चर्चची घंटा वाजते. रविवारची घंटा वेगळी, लग्नाची वेगळी आणि मेलेल्याची वेगळी. मेलेल्याची एकटीच वाजते, दुसरी तिला साथ देत नाही. ती ऐकून गावातले म्हातारे टोपी काढतात. मी काढत नाही. मी सुनेला हाक मारून विचारतो, कोण गेलं, आणि त्याला जागा कुठं मिळणार? सून म्हणते, "आप्पा, असं विचारू नका, बरं दिसत नाही." बरं दिसण्याचं वय गेलं माझं. बायको गेली तेव्हा तिच्या उजव्या बाजूची जागा रिकामी होती. इथल्या नियमानं ती पुढं जो मरेल त्याची. मला बायकोशेजारी पडायचं तर पुढं मीच मरायला पाहिजे होतं.

हे नीट सांगतो, कारण मला स्वतःला ते कळायला वेळ लागला.

इथल्या स्मशानात दोन तऱ्हा आहेत. वरच्या अंगाला, चर्चच्या भिंतीलगत, घराण्यांच्या जागा. एकेक घर आपल्या चौकोनात पिढ्यान् पिढ्या पुरत येतं. आजोबावर बाप, बापावर पोरगा, सगळ्यांना मिळून एक दगड. खालच्या अंगाला, जिथं सुकलेली फुलं नि पाला कुजवायचा ढीग आहे, तिथं रांग. रांगेत एका माणसाला एक खड्डा, आणि ज्या क्रमानं मेले त्या क्रमानं. शेजारी कोण येणार ते आपल्या हातात नाही. वीस-पंचवीस वर्षं झाली की दगड उचलतात, गवत पेरतात आणि रांग पुन्हा पहिल्यापासून लावतात. भाड्याची माती.

मी लिहिणारा माणूस नव्हे. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून हयात गेली. पोरगा शिकला, इंजिनियर झाला, स्टुटगार्टला मोटारीचे भाग करणाऱ्या कंपनीत लागला. शहरात घर परवडेना म्हणून या द्राक्षमळ्यांच्या गावात राहिला. म्हातारपणी त्यानं आम्हा दोघांना आणलं. राहण्याचे कागद त्यानं वकील लावून कसे मिळवले ते मला विचारू नका. मला एवढंच ठाऊक, की आम्ही आलो आणि बायको इथंच मेली. डोक्यात रक्ताची गाठ झाली. सकाळी भाकरी थापत होती, दुपारी डॉक्टर पोराला बाजूला घेऊन बोलत होता.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरतात ते बसवून. खड्ड्याच्या आत कोनाडा करायचा, मांडी घालून बसवायचं, डाव्या हातात गळ्यातलं लिंग, कपाळाला विभूती, वर बेलाची पानं. "गावाकडं न्यायचं का?" असं पोरानं एकदा विचारलं. विचारलं म्हणजे कसं, "नको ना, आप्पा?" असं. मी काय बोलणार? इथले लोक म्हणाले, बसवून चालणार नाही, पेटी लागते, आणि पेटी आडवी असते. जी बाई जन्मात कधी दिवसाउजेडी आडवी झाली नाही तिला आडवी पुरली. पेटीवाल्यानं तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवल्या आणि सुनेकडं दिल्या. सवाष्ण मेलेल्या बाईच्या. काच कुजत नाही म्हणे. लिंग तरी कुठं कुजतं? पण ते त्याला दिसलं नाही. मी तिच्या मुठीत घालून मूठ मिटवली होती.

जागेचं पोरानं पाहिलं. राटहाउस म्हणजे इथली चावडी. तिथल्या बाईनं त्याला विचारलं, "रांगेतली की निवडीची?" निवडीची म्हणजे दोघांची, शेजारी शेजारी, पुढं वाढवूनही मिळते. पोरगा म्हणाला, "रांगेतलीच द्या. आम्हाला वेगळं काही नको." घरी येऊन त्यानं ते मला चांगल्या तोंडानं सांगितलं आणि मीही मान हलवली. आम्ही माणसंच रांगेतली. रेशनला रांग, एसटीला रांग, सरकारी दवाखान्यात रांग. रांगेत नंबर लागला म्हणजे सुटलो, एवढंच आम्हाला ठाऊक. शिवाय परक्या गावात येऊन निवड मागायची म्हणजे तोंड वर करून बोलल्यासारखं वाटतं. पोराला वाटलं, आपण शहाण्यासारखे वागलो. मला वाटलं, पोरगा रीतीनं वागला. दोघंही गाढव.

मी एवढं मात्र विचारलं होतं, "शेजारी माझी जागा आहे ना रे?"

"असणारच की, आप्पा. रिकामीच दिसते."

ती रिकामी कुणासाठी आहे ते मला आमच्या शेजारणीनं सांगितलं.

ही शेजारीण ऐंशी ओलांडलेली, एकटी, वाळलेल्या शेंगेसारखी. तिची नि माझ्या बायकोची ओळख भांडणातून झाली. या गावात दर आठवड्याला एकेका घरावर रस्ता झाडायची पाळी असते, दारावर पाटी लटकते. आमची पाळी आली तेव्हा बायकोनं रस्ता झाडला, सडा घातला आणि सवयीनं रांगोळी काढली. म्हातारी आतून झाडू घेऊन आली आणि रांगोळी झाडून टाकली. मग काय! एक मराठीत, एक तिच्या बोलीत, कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी शिव्या. बायको म्हणाली, "हात झडंल तुझा भवाने!" ती काय म्हणाली ते सुनेनं नंतर सांगितलं. म्हातारीला वाटलं होतं, ही पीठ सांडते आहे, आता उंदीर होणार. पुढच्या पाळीला बायकोनं मुद्दाम पुन्हा रांगोळी काढली, पण टीचभर. म्हातारीनं तेवढी सोडून भोवतीचं झाडलं. झाली मैत्री. भाषा दोघींना एकमेकींची शेवटपर्यंत आली नाही. हातवारे करून, तोंडं वेडीवाकडी करून तासन् तास बोलायच्या. काय बोलायच्या ते मला ठाऊक नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही म्हातारीच्याच तोंडून.

एक शब्द तिनं आम्हाला शिकवला होता. राइनगश्मेक्टे. बाहेरून येऊन गावात राहिलेल्यांना इथं तसं म्हणतात. सुनेनं अर्थ फोड करून सांगितला: आत येऊन चव घेतलेले. म्हातारी म्हणाली, "तुम्ही तसे. मीपण तशीच. पाच वर्षांची असताना आले, तरी मीही तशीच."

बायको सुनेला म्हणाली, "इचार तिला, चव कशी लागली म्हणावं."

म्हातारीनं विचार केला आणि म्हणाली, "कडू. पण पोट भरलं."

आमच्याकडं याला उपरी म्हणतात. शब्द दोन, शिवी एकच.

बायको गेल्यावर त्या वसंतात एक दिवस मी दुपारी स्मशानात गेलो. कुणी नव्हतं. तिच्या उजव्या बाजूचं गवत हिरवंगार होतं. मनात आलं, पाहू तर खरं कसं बसतंय. आडवा झालो. पाय लांब केले, हात पोटावर घेतले. बरं वाटलं. तेवढ्यात डोक्यावर पाण्याचे थेंब पडले. शेजारीण झारी घेऊन उभी.

"मेलास की काय?" तिची बोली मला आता निम्मी कळते, निम्मी तिच्या तोंडाकडं बघून समजते. "मेला असशील तर सांग. मग मला घाई नको."

म्हटलं, "माझी जागा आहे."

"तुझी? ऊठ, ऊठ! माझी आहे ती."

मला वाटलं थट्टा करते. मग तिनं झारी खाली ठेवली, बायकोच्या कडेला बोट केलं, मग एकेक जागा मोजत बोट पुढं नेलं आणि म्हणाली, "राइए. रांग. जो मरेल तो." आणि हसून माझ्याकडं बोट केलं, मग स्वतःकडं. "तू किंवा मी. गावातले सगळे वर जातात. खाली येणाऱ्या म्हाताऱ्यांत आपण दोघंच उरलोय."

"तुला हीच जागा कशाला पाहिजे, मसणे?" हे मी मराठीतच बोललो. तिला कळलं.

"खाली माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

तिची गोष्ट मग सुनेला मधे बसवून ऐकली. सून सांगताना मऊ करून सांगायची, पण म्हातारीचा चेहरा मऊ नसायचा, म्हणून मला खरं कळायचं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर पूर्वेकडून जी जर्मन माणसं हाकलली गेली त्यांत ही, हिची आई आणि कडेवरचा भाऊ. मालगाडीतून आणून या गावात उतरवली आणि घरोघर वाटून दिली, चावडीपुढं उभी करून. धडधाकट बाप्ये आधी गेले, कामाला येतात म्हणून. ह्या तिघांना कुणी घेईना. शेवटी एका मोठ्या घरानं डुकरांचं खाद्य शिजवायची खोली दिली. पहिल्याच थंडीत भाऊ मेला. आईनं वर भिंतीलगत जागा मागितली, वारा लागणार नाही म्हणून. गावानं सांगितलं, वर घराण्यांच्या जागा आहेत, तुझं घराणं कुठलं? म्हणून खाली, पाल्याच्या ढिगापाशी. पेटी नव्हती, सफरचंदाच्या खोक्यात पुरला. घरमालकीण दुसऱ्या दिवशी दारात आली आणि म्हणाली, "खोकं परत कधी मिळेल?"

सुनेला पुढं बोलवेना. म्हातारी तिला म्हणाली, "रडतेस कशाला? तेव्हा मी रडले नाही."

पुढं भावाची रांग उखडली, गवत पेरलं, पुन्हा रांग लावली, पुन्हा उखडली. आता कुठं काय आहे ते गावात कुणाला सांगता येणार नाही. हिला येतं. पाल्याच्या ढिगापाशी उभं राहून भिंतीचा कोपरा डोळ्यासमोर धरायचा, की मधे येते ती बायकोशेजारचीच जागा. लग्न हिचं झालं नाही. उपऱ्या पोरीला गावानं कामं दिली, नवरा दिला नाही.

ऐकून वाईट वाटलं का? वाटलं. पण जागा सोडावीशी नाही वाटली. तिचा भाऊ सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मेलेला, माझी बायको परवाची.

गावं अशीच असतात. आमचं गाव कसं वसलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पोरासोरांनाही ठाऊक आहे. कर्नाटकाच्या शिवेला लागून आमचं गाव. ज्या उंचवट्याच्या मातीवर घरं असतात तिला आम्ही पांढरी म्हणतो, पिकाची ती काळी. काळी विकता येते, पांढरी विकत नाहीत. पांढरीवर ज्याचं घर तो गावचा, बाकी उपरी. तर आमच्या पांढरीवर आधी दुसरीच वाडी होती, गोड्या पाण्याच्या विहिरीची. आमचे पूर्वज दुष्काळात तिथं आले. पाणी मागितलं, मिळालं. राहायला मागितलं, शिवेबाहेर जागा मिळाली. मग एक दिवस विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं. उपसून काढलं, पुन्हा सापडलं. ती वाडी उठली, माळाच्या खडकावर जाऊन बसली. मग आमच्या लोकांनी विहीर साफ केली आणि पांढरीवर बसले. अजून बेंदराला, बैलांच्या सणाला, पहिली पोळी पाठमोरं उभं राहून शिवेबाहेर फेकतात. उठून गेलेल्यांचा घास म्हणतात त्याला. खातात कुत्रीच.

माझी बायको त्या उठलेल्यांच्यातली. लग्नाच्या दिवशी आमच्या बायका हसत होत्या, "उठलेल्यांची पोर आणली बाई, विहीर झाकून ठेवा." आईनं तिला पहिल्या सकाळी सांगितलं, विहिरीवर एकटी जायचं नाही. ती गेली. वाकून आत बघितलं, भरलेली घागर घेऊन घरी आली आणि म्हणाली, "कुत्रं तर दिसत न्हाई. आता घरात ऱ्हातंय काय?" आईनं घागर उतरवायच्या आधी थोबाडीत दिली. घागर फुटली. बायको हसत होती. गालावर पाच बोटं आणि ही हसतेय. तेव्हा मला कळलं, हिच्याशी आपलं जमणार.

घर एका खोलीचं. मधे आई झोपायची. वर्षभर मधे झोपली. मी दोनदा खाकरायचो, बायको पलीकडून बांगड्या वाजवायची. तेवढाच आमचा संसार. आई अंधारातच म्हणायची, "खोकल्याला आलं खा रे."

तर या जर्मन गावालाही आपण कसे वसलो ते सांगायची हौस आली. गाव किती जुनं झालं त्याचा सोहळा होता. सभागृहात सगळे जमले, बँड, केक, द्राक्षाची दारू. एका निवृत्त मास्तरानं पडद्यावर चित्रं दाखवली. सून कानात सांगत होती. गावाच्या नावाला शेवटी 'इंगेन' लागतं, म्हणजे अमक्याची माणसं; आपल्या वाडीसारखं. हा अमका टोळी घेऊन आला आणि मोकळ्या रानात घरं बांधली.

मी सुनेला म्हटलं, "मोकळं रान नसतंय कुठं. विचार त्याला, आधीचे कुठं गेले?"

"आप्पा, प्लीज."

पुढच्या चित्रात जमिनीखाली सापडलेल्या जुन्या भिंती निघाल्या. आधी तिथं रोमन लोक होते म्हणे. मास्तर म्हणाला, ते निघून गेले होते.

"कुत्रं टाकलं असंल," मी म्हटलं. सून तोंडावर रुमाल धरून बसली.

मग एकच चित्र लढाईनंतरचं. बोचकी घेतलेल्या बायका, पोरं. मास्तर म्हणाला, आमच्या गावानं या परक्यांना प्रेमानं आपल्यात सामावून घेतलं. शेजारीण माझ्या पलीकडं बसली होती. ती उभी राहिली. आवाज केवढा काढला!

"खोकं परत मागितलं होतं!"

कुणी मागं वळून बघेना. ज्या घराण्यानं मागितलं त्यांचा नातू पहिल्याच रांगेत, दारूच्या बाटल्या त्याच्याच मळ्यातल्या. मास्तर गोड हसून म्हणाला, "प्रश्न शेवटी." शेवटी बँड वाजला. म्हातारी दोन पेले दारू प्याली, तिनं केक रुमालात बांधून घेतला आणि मला म्हणाली, "दारू चांगली आहे. डुकरं." हे डुकरं कुणाला ते मी विचारलं नाही.

त्या सोमवारी मी पोराला रजा टाकायला लावली आणि चावडीत घेऊन गेलो. म्हटलं, काहीही कर, शेजारची जागा माझ्या नावावर कर. बाई चांगली होती, पाणी दिलं, पण उत्तर एकच. "राइए इस्ट राइए." रांग म्हणजे रांग. मग पोरानं विचारलं, आईला उचलून दोघांच्या जागेत नेता येईल का? बाई म्हणाली, मेलेल्यांची शांतता मोडता येत नाही, तसंच मोठं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

मी पोराला म्हटलं, "सांग, मोठं कारण आहे. मी नवरा आहे."

त्यानं सांगितलं. बाई म्हणाली, "गेनाऊ. बरोबर. पण ते कारण नाही."

गाडीत पोरगा स्टिअरिंगला धरून नुसता बसला. "आप्पा, मला वाटलं..."

"रांग म्हटलं की तुला बरं वाटलं. शाळेत पहिला नंबर काढायचास ना? काढ आता."

तो रडला. मी खिडकीतून मळे बघत बसलो.

तेव्हापासून आमच्या दोघांची, म्हणजे माझी नि म्हातारीची, शर्यत लागली. शर्यत उलटी होती. मला आधी मरायचं होतं, म्हणून तिला जगवणं आलं. तिला आधी मरायचं होतं, म्हणून ती मला जगवायला लागली. गावाला वाटलं काय प्रेम आहे या म्हाताऱ्यांत! मी तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढायचो, ती घसरू नये म्हणून. कुळथाचं कढण करून डब्यातून द्यायचो. ती माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायची, रोज सकाळी कुंपणावरून गोळी घेतली का विचारायची. एकदा मी मुद्दाम उघड्या डोक्यानं बर्फात फिरायला निघालो, तर खिडकीतून ओरडली, "टोपी घाल, लबाडा!"

नळावर झारी भरताना रोजचं बोलणं ठरलेलं.

"कसं आहे?"

"गुडघा."

"गुडघ्यानं कुणी मरत नाही."

"तुझं?" मी विचारायचो.

"छातीत कळ येते."

"खोटारडी."

एकदा घंटा वाजली तेव्हा आम्ही दोघं एकदमच रस्त्यावर आलो. एकमेकांकडं बघितलं, दोघंही जिवंत. खाटीक गेला होता. त्याची जागा वर, भिंतीलगत. म्हातारीनं सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाली, "चांगला माणूस होता." मी म्हटलं, "मटण वाईट द्यायचा." गुऱ्हाळवाला शाकाहारी माणूस मी, खाटकाच्या मटणाचं मला काय ठाऊक? पण हसलो दोघं.

नाताळाच्या आधी इथल्या बायका पडदे धुतात. म्हातारी खुर्चीवर चढली आणि पडली. पायऱ्यांवरचा बर्फ मी रोज ओढत होतो, आणि ही घरात खुर्चीवरनं पडली. खुबा मोडला, मग छातीत कफ धरला. सून मला दवाखान्यात घेऊन गेली. मी कढण नेलं होतं. तिनं डब्याकडं बघितलं आणि मान वळवली.

"खा," मी म्हटलं.

"नाही."

"खा म्हणतोय ना, भवाने."

"मी पहिली," ती म्हणाली, आणि एक बोट वर केलं. तोंडात दात नव्हते, तरी हसू एवढं. मग तिनं हात हलवून एक चित्र काढलं. इकडं तू, तिकडं ती, आणि मधे मी. दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपल्याचं सोंग केलं. मग माझ्याकडं बघून दोनदा खाकरली. ख्हं, ख्हं.

मी डबा खाली ठेवला. बायकोनं हिला ते सांगितलं होतं! कुंपणावर उभी राहून, हातवारे करून, आई मधे कशी झोपायची, मी कसा खाकरायचो, ते सगळं या उपऱ्या बाईला सांगितलं होतं. पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हातारीचं हसू खोकल्यात गेलं. खरा खोकला. नर्स आली आणि आम्हाला बाहेर काढलं. सुनेनं विचारलं, "आप्पा, त्या कशाला खाकरत होत्या?" मी म्हटलं, "कफ आहे."

घंटा दोन दिवसांनी वाजली. कोण गेलं ते मी विचारलं नाही.

पुरायला माणसं कमी होती. पाद्री, चावडीचा माणूस, आम्ही घरचे आणि सोहळ्यात पहिल्या रांगेत बसलेला तो नातू. तो का आला होता कुणास ठाऊक, हात बांधून उभा होता. खड्डा खणताना हाडं-बिडं काही निघालं का, हे मी खणणाऱ्याला विचारायला सांगितलं. सून म्हणाली, "आप्पा, मी हे विचारणार नाही." मग मीच दोन शब्द नि हातवारे करून विचारलं. त्यानं मान हलवली. नाही. नुसती माती, काळी. खोक्याची एक फळीसुद्धा नाही. म्हणजे म्हातारीनं कोपरा चुकीचा धरला असेल, नाहीतर पोरगं केव्हाच मातीत मिसळलं असेल. तिला यातलं काही कळायचं राहिलं, हे बरंच झालं. नाहीतर माझ्याशी उगाच भांडली म्हणून मेल्यावरही खजील झाली असती.

माती टाकायची पाळी माझी आली तेव्हा मी मूठभर टाकली आणि म्हटलं, "झोप आता मधे."

तिच्यावर पाणी घालायला कुणी नाही. झारी घेऊन मी जातो, बायकोला घालतो. सुरुवातीला म्हातारीच्या मातीवर थेंब पडू देत नव्हतो. झारी वळवताना हात आवरून धरायचो. मग उन्हाळ्यात तिच्यावर गवत वाळलं आणि गावातल्या बायका तिच्या नावाच्या पाटीकडं बघून नाकं मुरडायला लागल्या, घाण ठेवलीय म्हणून. त्यांनी नाकं मुरडू नयेत म्हणून घालतो आता. तिच्यासाठी नाही.

म्हातारीच्या पलीकडची जागा आता रिकामी आहे. घंटा वाजली की सुनेला हाक मारतो ती आता त्या जागेसाठी. बायकोच्या शेजारची नाही, एक सोडून पुढची. तीही गेली तर मग दोन सोडून. मला आता घाई आहे, आणि मला जगवायला कुंपणापलीकडं कुणी नाही, हे एक बरं.

परवा दुपारी तिथं कुणी नव्हतं. गवत कापलेलं होतं. मी आडवा झालो, पाय लांब केले, हात पोटावर घेतले. मधे ती, पलीकडं बायको. दोनदा खाकरलो.

मग आठवलं. बांगड्या घरी आहेत, सुनेच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खालच्या खणात.